बारानंतरचा फाटा

चौक म्हणजे घड्याळ समजा, एल्स्पेथ.
कुठूनही आलो तरी आपण सहावर उभ्या.
बाराच्या आतला फाटा, किंवा थेट बाराचा : डावी लेन.
बारा वाजून गेल्यावरचा : उजवी.
एवढंच. बाकी सगळा रंग,
आणि तोही यंदा मिठानं खाल्लाय.

या ईस्ट किलब्राइडमध्ये चौकच चौक;
भोकाच्या पेपरमिंटवरून चिडवतात आपल्याला ग्लासगोवाले.
एकोणीस वर्षं झाली मला शिकवून,
सतरा-सतरा वर्षांची पोरं,
स्टिअरिंगला दोन बोटं लावणारी.
बसण्याआधी बूट पुसणाऱ्या
तुम्ही पहिल्याच.

एकेचाळीस वर्षं तुम्ही डाव्या सीटवर,
मांडीवर नकाशा, पर्समध्ये सुट्टे पैसे,
'पुढचा नाही, त्याच्या पुढचा, डूगल्ड.'
फाटे तुम्हाला तोंडपाठ.
लेनचं कुणी कधी विचारलंच नाही.
डूगल्ड कसे जायचे, विचारलं मी.
'डावीतून शिरायचे. मग सरळ कापत उजवीकडे.
मी डोळे मिटायचे.'

त्यांची हिरवी स्कोडा गॅरेजात आहे.
बॅटरी उतरलीय, म्हणालात,
आणि खिडकीबाहेर पाहिलंत.

आता आरसा. नाही, आतला आधी.
घरी जायचंय, म्हणजे तीनवर, म्हणजे...?
हात उजवीकडे गेला, गाडी डावीतच राहिली.
तळ्यात की मळ्यात?
तळ्यात. मळ्यात.
मागून दुधाचा टँकर,
त्याचा हॉर्न अख्ख्या सिटी सेंटरला ऐकू जावा असा.
माझा पाय माझ्या ब्रेकवर होता,
तुम्हाला सांगितलं नाही मी.

डावीतच राहा, म्हटलं.
चुकीची लेन धरली तर तिचाच फाटा घ्यायचा.
कापायचं नाही.
पुढे कुठेतरी वळता येतंच.

तर आपण बाराला बाहेर पडलो,
ईगलशमच्या बाजूला,
जिथे आपल्याला काहीच काम नव्हतं.
घरं संपली. मेंढ्या लागल्या.
माळावर पवनचक्क्या रांगेनं गरगरत होत्या,
एकीलाही फाटा घ्यायचा नव्हता.
'यांचं बरं आहे,' तुम्ही म्हणालात,
आणि आज पहिल्यांदा तिसरा गिअर
न करकरता पडला.

फाटकापाशी थांबलो.
थर्मासमधला चहा झाकणातून आळीपाळीनं.
तुम्ही सांगितलंत, अकरा आठवडे
रोज दोन बस बदलून हॉस्पिटलला जायचात,
आणि दुसऱ्या बसचा ड्रायव्हर
चौकात शिरायच्या कितीतरी आधीच
त्याची लेन धरून बसलेला असायचा.
'त्याचा मला राग यायचा,' म्हणालात.
'एवढं कसं ठाऊक असतं एखाद्याला.'
यावर मी काही बोलले नाही.
आमच्या पुस्तकात त्याचं उत्तर नाही.
काचेवर भुरभुर सुरू झाली
आणि वायपर कुठला ते शोधण्यात
तीन मिनिटं गेली.

परतताना तोच चौक, पलीकडून.
मी तोंड उघडलं, 'तीनवर, म्हणजे उजवी...'
'नाही,' तुम्ही म्हणालात.
नजर रस्त्यावर, हनुवटी स्टिअरिंगच्या फार जवळ.
'या बाजूनं आलं की घर नऊवर येतं.'

एकोणीस वर्षं.
जीभ चावली मी.

आरसा. डावा इंडिकेटर.
डावी लेन, शंभर यार्ड आधीच.
उजवीकडून एक व्हॅन येत होती, तिला जाऊ दिलंत,
तिच्या मागच्या सायकलवाल्यालाही,
आणि मग कुणीच येत नसताना
आणखी थोडं थांबलात.

जा आता, एल्स्पेथ.
मोकळं आहे.